निमंत्रक

विद्यानगर, हुबळी
८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वत्सलाअक्कांस,
हेमावतीचे शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेलं हे वाचून हसू आलं. त्यातून माणसांपेक्षा शेजारचा कुकरच जास्त ऐकू येतो म्हणता, तर राहू दे. फोनवर ओरडण्यापेक्षा मला पत्र बरं. निदान तुम्ही मधे बोलत नाही.

मुख्य बातमी म्हणजे नेत्राच्या लग्नाचा मुहूर्त ठरला. माघात, वीस फेब्रुवारीला. यांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबू या म्हटलं होतं, ते मुकुलच्या घरच्यांनी कुरकुर न करता पाळलं. काल मुकुलच्या आई, पार्वतीबाई, नवनगरहून स्वतः आल्या. जाताना त्यांनी लग्नपत्रिकेचं विचारलं आणि मी चहाचे कप उचलून आत गेले.

तुमच्या भावानं लेकीची पत्रिका साखरपुडा झाल्या झाल्या काढायला घेतली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, चारी कडांना कसुतीच्या भरतकामाची नक्षी. सगळी पुरी केली, फक्त मुहूर्ताची ओळ मोकळी ठेवली. मुहूर्त ठरल्याशिवाय पत्रिका कागदावर उतरवायची नाही ही तुमच्या घरची रीत, म्हणून एकही प्रत काढली नाही. मला पडद्यावर दाखवली, तेवढीच. आता ती कॉम्प्युटरमध्ये आहे आणि उघडत नाही.

कोप्पीकर रोडच्या दुकानात ज्या सॉफ्टवेअरवर यांनी जन्मभर पत्रिका काढल्या, ते पूर्वी खोक्यात विकत मिळायचं. एकदा घेतलं की आपलं. दसऱ्याला हे त्या खोक्यालाही हळदकुंकू वाहायचे. पुढं कंपनीनं विकणंच बंद केलं, नुसतं भाड्यानं देऊ लागली. दर वर्षी भाडं वाढतं आणि नव्या सोयी दिल्या म्हणून कळवतात. यांना एक रेघ ओढायची आणि एक पुसायची, एवढीच सोय लागत होती. हे गेल्यावर बँकेनं खातं बंद केलं, भाडं थांबलं, आणि कंपनीनं दार लावलं. चित्र आपलं, यंत्र आपलं, घर आपलं, कुलूप तेवढं त्यांचं.

काय करावं ते लिहा. भावोजींना नमस्कार. माया आहे ती कमी करू नका.

तुमची
हेमावती

*

मिरज
१६ नोव्हेंबर २०२४

चि. हेमावती हिस,
अ. उ. आ.

मुहूर्ताचं वाचून देवापुढं साखर ठेवली. तुझ्या भावोजींनी ती लगेच खाल्ली. डॉक्टरांनी मना केलंय हे देवाला ठाऊक नसावं असं त्यांचं मत.

भाड्याचं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. उद्या माझ्या शिवणयंत्राची कंपनी दारात येऊन म्हणाली की महिन्याच्या महिन्याला पैसे भरा, नाहीतर आजवर शिवलेली पोलकी उसवून नेतो, तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. तू शंकरला गाठ. पद्मनाभाच्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे, दुकान आता तोच चालवतो. त्याला काही वाट ठाऊक असेल.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. पत्रिका उघडली की पद्मनाभाच्या नावाआधी कै. घालायचं. त्यानं काढली तेव्हा तुम्हा दोघांच्या नावानं निमंत्रण लिहिलं असणार. आता तो निमंत्रक होऊ शकत नाही. निमंत्रण तुझ्या नावानं जाईल, श्रीमती लिहून. तुझं सौ. काढावं लागेल. रीत ती रीत, आणि लोक पत्रिकेत आधी तेच बघतात. हे लिहिताना मला बरं वाटलं नाही, पण घरात मोठी मी उरले, तेव्हा मीच लिहायला हवं.

थंडी सुरू झाली. सकाळी पायांत मोजे घालत जा, आणि माझ्या बोलण्याचा राग धरू नकोस.

तुझी
अक्का

*

विद्यानगर, हुबळी
२७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

शंकरकडं जाऊन आले. दुकान त्यानं नीट ठेवलंय, यांच्या खुर्चीवर मात्र अजून बसत नाही, बाजूला स्टूल घेतो. भाड्याचा विषय काढला तर त्याचंच रडगाणं सुरू झालं. लग्नसराईत चार महिने काम, आठ महिने माश्या, आणि कंपनीला बारा महिने पैसे. यंदा पुन्हा वाढ आली तेव्हा त्यानं हात जोडले आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं.

त्यात त्यानं यांची फाईल उघडून बघितली. उघडली, पण उघडली नसती तर बरं झालं असतं. सगळी जोडाक्षरं सुटली होती. यांच्या नावातला द एकीकडं, म दुसरीकडं. कानडी बाजूची तर नुसती राखरांगोळी. तुळशीवृंदावन घसरून हत्तीच्या पाठीवर बसलेलं. शंकरनं घाईनं पडदा बंद केला, कुणाच्या घरात चुकून डोकावल्यासारखा. नंतर म्हणाला की वहिनी, मी तशीच दुसरी काढून देतो, पैसे घेणार नाही. काढेल हो तो, आणि चांगली काढेल. पण ती शंकरची होईल.

नेत्राला बेंगळूरला फोन केला. तिचं म्हणणं, आजकाल पत्रिका छापतं कोण, फोनवर तयार मिळतात, त्यात फुलंसुद्धा हलतात. एवढा खटाटोप करू नकोस म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता विचारलं की अप्पांनी हत्ती पुरा केला होता का. मी म्हटलं, बघून सांगते.

म्हणून ठरवलंय, एका महिन्याचं भाडं भरायचं. काम करायचं, छापून घ्यायचं आणि राम राम म्हणायचं. तुम्ही म्हणाल फसशील. पण आमच्या सिस्टर कॉन्व्हेंटात छडी घेऊन शिकवायच्या की सही करण्याआधी बारीक अक्षर वाचावं. मी वाचीन.

कै. चं ध्यानात आहे. आशीर्वाद असू द्या.

हेमावती

*

मिरज
४ डिसेंबर २०२४

चि. हेमावती हिस,
अ. उ. आ.

भर ते भाडं. काल रागानं लिहिलेलं पत्र फाडून टाकलं, हे नवं.

शंकरच्या पडद्यावर काय झालं ते वाचलं आणि दिवसभर हात चालेना. पद्मनाभ लहान असताना मी आईच्या इरकलीवर कसुती भरत बसायची, तर हा पदराचं दुसरं टोक धरून बसायचा. धागे मोजून सांगायचा, आणि माझं चुकलं की आईला जाऊन सांगायचा. मुलगा असून सुईत काय बघतोस म्हणून गल्लीतली पोरं चिडवायची. तो म्हणायचा की मी सुईत नाही, पोपटात बघतोय. त्या कडेत त्यानं पोपट घातलेत का? तू लिहिलं नाहीस. हत्ती आणि तुळस लिहिलीस, पोपट नाही.

उघडल्यावर आधी ते कळव. बाकी सगळं मागाहून.

अक्का

*

विद्यानगर, हुबळी
१२ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

पोपट आहेत. मराठी बाजूला समोरासमोर, कानडी बाजूला पाठीला पाठ. हत्तीही पुरा आहे, नेत्राला कळवलं.

आता हसून घ्या. मी फसले. महिन्याचं भाडं म्हणून जे भरलं, ते वर्षभराच्या बांधिलकीचा पहिला हप्ता निघाला. भरल्यावर दुसऱ्या पानावर कळलं. मधेच सोडायचं तर उरलेल्या महिन्यांतला मोठा वाटा दंड म्हणून द्यायचा. बारीक अक्षर मी अक्षरन् अक्षर वाचलं होतं. महिना हा शब्द मोठ्या अक्षरात होता आणि वर्ष तिथं नव्हतंच, ते खाली निळ्या रेघेमागं, ती दाबली तरच दिसेल असं लपवलेलं. सिस्टरांच्या काळी लबाडी निदान कागदावर असायची. तक्रार लिहिली, तर उत्तर आलं की तुमच्यासारख्या ग्राहकांच्या सोयीसाठीच ही योजना आहे. त्याखाली पुढच्या वर्षीच्या वाढीची आगाऊ सूचना. चार दिवस नुसती धुमसत होते.

मग फाईल उघडली. अक्का, ह्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थराथरांनी रचतात, एकावर एक पातळ कागद ठेवावेत तसं, आणि काम सोपं जावं म्हणून थरांना नावं देतात. शंकर एक, दोन, तीन असे आकडे देतो. यांची नावं मी पूर्वी काम करताना मागून वाचायची आणि हसायची. ती सगळी तशीच आहेत. अक्काचे पोपट. आईची तुळस. नेत्राला नको असलेला हत्ती. एका गुंतलेल्या वेलीचं नाव आहे, हेमा रागावली. छापल्यावर ही नावं कुठंच दिसत नाहीत, नुसतं चित्र उरतं. हातातलं काम ठेवून मी ती वर खाली वाचत बसले.

मुहूर्ताच्या ओळीत तारीख भरली. यांनी अक्षर निवडून ठेवलं होतं, मी टाइप केलं आणि ते यांच्यासारखं उमटलं. मग निमंत्रकांचा थर उघडला. त्याचं नाव आहे, आम्ही. सौ. हेमावती व श्री. पद्मनाभ नरगुंदकर. सौ. पुसून श्रीमती आणि श्री. पुसून कै. लिहायचं, एवढंच काम. त्यासाठीच तर वर्षाचं भाडं भरून बसले. मी कै. लिहिलं. कॉम्प्युटरनं विचारलं की बदल जपून ठेवायचा का. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही म्हटलं.

गेल्या वर्षापासून तुमच्या पत्रावर माझ्या नावाआधीचं सौ. नसतं. मला ते पहिल्याच पाकिटावर दिसलं होतं. पण त्या जागी गं. भा. तुम्ही कधी लिहिलं नाहीत, नुसतं हेमावती लिहिता. का, ते मी विचारलं नाही.

सोबत प्रूफ पाठवते. चुका लाल पेनानं दाखवा, हे तसंच करायचे. जिथं जे घालायचं ते तुम्ही घाला. तुम्ही लिहिलेलं मी टाइप करीन, तेवढं होईल माझ्याच्यानं.

तुमची
हेमावती

*

मिरज
२२ डिसेंबर २०२४

चि. हेमावती हिस,
अ. उ. आ.

प्रूफ तपासून परत पाठवते आहे. लाल पेनाच्या खुणा दोन. डावीकडच्या पोपटाच्या शेपटीत एक टाका कमी आहे, तो भर. पद्मनाभ असता तर त्यानं मला सोडलं नसतं, मी त्याला सोडत नाही. दुसरं, आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं या ओळीखाली मिरजेच्या नातवंडांची नावं राहिली, ती घाल, नाहीतर इथं जेवण मिळायचं नाही मला.

नावांची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुझ्या भावोजींनाही वाचायला दिली. तिथं दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

कुणी काही म्हटलंच, तर पत्रिका थोरल्या नणंदेनं तपासली होती असं सांग. छापायला दे.

अक्का

*

विद्यानगर, हुबळी
८ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रिका छापून आल्या. तुमच्या बाजूच्या नातलगांसाठी गठ्ठा बसनं पाठवला आहे, सोबत अक्षता. पहिली पत्रिका देवापुढं ठेवली, दुसरी नवनगरला नेली. पार्वतीबाईंनी नावांच्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आणि आणखी किती मिळतील म्हणून विचारलं. नेत्रानं पत्रिका बघितली. तिनं हत्ती कापून घेतला आणि पाकिटात ठेवला.

भाड्याचं वर्ष डिसेंबरात संपेल. पुढं भरणार नाही, तेवढा माझा स्वाभिमान शिल्लक आहे. तोवर रोज दुपारी यांची एकेक जुनी पत्रिका उघडते, साधं चित्र करून ठेवते, आणि थरांची नावं हलक्या आवाजात वाचते. किती घरांची लग्नं लावलीत यांनी. काही नावं कळतात, काही नाही, आणि विचारायला कुणी नाही. कंपनीवरचा राग मात्र गेलेला नाही. माणूस गेलं ते देवानं नेलं असं म्हणता येतं. ही नावं डिसेंबरात नेणाऱ्यांना काय म्हणावं?

लवकर या. लग्नाच्या आठ दिवस आधी या.

तुमची
हेमावती

*

मिरज
२४ जानेवारी २०२५

चि. हेमावती हिस,
अ. उ. आ.

गठ्ठा पोचला. तुझे भावोजी आणि मी रिक्षा करून पत्रिका वाटतो आहोत. दोन घरांत नावं वाचून माणसं थबकली. मी अक्षता हातावर ठेवून पुढच्या घरी गेले.

काल सांगलीला बाबूकाकांकडं गेलो. आमच्या बाबांचे धाकटे भाऊ, आता नव्वदीला आले. माणसं ओळखतात, पण अलीकडचं काही टिकत नाही. पद्मनाभाचं त्यांना आम्ही सांगितलं होतं, रडलेही होते, मग विसरले. त्यांनी चष्मा लावून पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली, कानडीसुद्धा. पोपटांवरून बोट फिरवलं. मग विचारलं की पद्मनाभ स्वतः का आला नाही बोलवायला.

त्यांची सून मला खुणा करत होती. मी काकांना सांगितलं की तो मुलीचा बाप आहे, लग्नघरात शंभर कामं, त्याला सवड नाही, म्हणून मला पाठवलं.

काका म्हणाले की बरोबर आहे, कार्यात भेटेन मी त्याला. मी म्हटलं, हो, भेटा.

ते येणार आहेत, सून घेऊन येते म्हणाली. पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्याच्यानं, तेव्हा खालच्या मजल्यावर बसायची सोय कर. मी दहा तारखेला सकाळच्या गाडीनं निघते. तुझ्यावरचा जीव माझ्याबरोबर येतोच आहे, वेगळा काय लिहू.

अक्का