विहिरीतला तांबडा पट्टा

॥ श्री ॥
राणीसावरगाव,
४ जुलै २०२४

चि. सृष्टी हीस,
आबांचे पोटभर आशीर्वाद वि. वि.

तू परभणीला आत्याकडं सुखरूप पोचलीस आणि कॉलेजात तुझं नाव लागलं, हे तुझ्या बापानं, व्यंकटीनं, सांगितलं. फोनवर तू त्याच्याशी बोल, माझ्याशी पत्रानंच बोलायचं. पोस्टाची थैली खांद्याला लावून मी हयात घालवली आणि माझ्याच नातीचं पत्र मला येऊ नये म्हणजे काय? शिवाय फोनवर तू नुसतं हो हो करतेस. कागदावर खरं लिहितेस.

गावात तुझा दवाखाना आत्ताच सुरू झालाय. शेजारची बायनाबाई गुडघा घेऊन ओसरीवर आली आणि विचारायला लागली की पोरगी दिवाळीला येईल तेव्हा सुई देईल का. मी तिला म्हणालो, जरा दम धर, आत्ताशी अकरावीला गेली हाय. पण पेढे वाटताना डॉक्टरीण होणार म्हणून मीच सांगत सुटलो होतो, त्याला ती बिचारी काय करणार?

मी असा का सांगत सुटतो ते तुला ठाऊक आहे. तुझी आजी सरजाबाई गंगाखेडच्या वाटेवर जीपमध्ये माझ्या मांडीवर गेली. दवाखाना पुढं होता आणि रस्ता संपत नव्हता. त्याच दिवशी मी मनाशी धरलं की या घरात डॉक्टर झालाच पाहिजे. तुझ्या बापाच्यानं ते झालं नाही. आता तू आहेस.

तिथं विषय निवडावे लागतात म्हणे. आमच्या वेळी पुढ्यात येईल ते शिकायचं. तू काय काय निवडलंस ते सविस्तर लिही. दैवशालेला स्वयंपाकात हातभार लाव. तुझ्या या आत्याचा राग नाकावर असतो, पण तिथंच असतो, आत जात नाही.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
आबा

परभणी,
१५ जुलै २०२४

तीर्थरूप आबांस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्यानं आधी वाचलं. नाकावरच्या रागाबद्दल तिचं तुमच्याशी भांडण आहे, ते ती रक्षाबंधनाला येऊन भांडणार आहे.

विषयांचं असं आहे. बारावी पास व्हायला इंग्रजी सगळ्यांनाच लागतं. त्यासोबत मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित मी घेतलं. मग एक जागा उरते. तिथं जीवशास्त्र घ्या नाहीतर भूशास्त्र. मी अर्थातच जीवशास्त्र लिहून दिलं, कारण ते सोडलं की डॉक्टर होता येत नाही.

पण आबा, परवा एक गंमत झाली. मी जीवशास्त्राचा वर्ग शोधत भलत्याच खोलीत जाऊन बसले. मोजकीच मुलं होती. राजेश्री मॅडमनी टेबलावर दगड मांडले होते, आत्या बाजारातून आल्यावर भाज्या मांडते तसे. त्यात एक तांबडा होता. मॅडमनी विचारलं, हा कुणी पाहिलाय का? माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या विहिरीत याचा पट्टाच आहे, दोन काळ्या दगडांच्या मधोमध. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मॅडम जवळ आल्या आणि त्या पट्ट्याबद्दल इतकं विचारत राहिल्या की तास संपला. मग मला कळलं की मी चुकीच्या, भूशास्त्राच्या वर्गात आहे. आबा, मला तिथून उठावंसंच वाटेना.

त्यांनी मला विहिरीतल्या पट्ट्याचा एक तुकडा आणायला सांगितलंय. तुम्ही पाठवाल का?

आणि आता खरं लिहिते, तुम्हीच तसं म्हणालात. विषय बदलायला चौदा ऑगस्टपर्यंत मुदत आहे. अर्जावर पालकाची सही लागते आणि पालक म्हणून बाबांनी तुमचं नाव दिलंय. मला भूशास्त्र घ्यावंसं वाटतंय. कोरा अर्ज सोबत ठेवलाय. रागावू नका. रागावलात तरी पत्र मात्र लिहा.

तुमच्या पायांशी बसून लिहिते आहे असं समजा.
तुमची सृष्टी

॥ श्री ॥
राणीसावरगाव,
२२ जुलै २०२४

चि. सृष्टी हीस,
आशीर्वाद आहेतच, ते रागानं कमी होत नाहीत.

सही मिळणार नाही. दगड शिकायला परभणीला कशाला जावं लागतं? आपल्या बांधावर ढीग पडलाय, ये आणि शिक. लोक पोरी डॉक्टर व्हाव्यात म्हणून नवस बोलायलेत आणि माझी नात दारात आलेली विद्या सोडून दगड घेते म्हणते! बायनाबाईला मी काय तोंड दाखवू?

तुकडाही मिळणार नाही. त्या पट्ट्याला आपल्या घरात कुणी लोखंड लावत नाही, हे तुला मालूम नसेल तर ऐक. ती विहीर खोदताना काळा दगड फुटत फुटत गेला आणि एका सकाळी पहारीखाली तांबडं निघालं. परमेश्वर मिस्त्री पहार टाकून वर आला. म्हणायला लागला की भुईला जखम झाली, आता खाली जायचं न्हाई. गडीही बसून राहिले. तेव्हा तुझी आजी पदर खोचून एकटी विहिरीत उतरली. पट्ट्याला हळद-कुंकू वाहिलं, हात लावून काहीतरी बोलली आणि वर येऊन म्हणाली की मी इचारून आले, आता खोदा. त्या पट्ट्याखालीच पाणी लागलं. काय विचारलं होतं ते तिनं मला हयातीत कधी सांगितलं नाही.

तेव्हा तो पट्टा म्हणजे आमच्यासाठी काय आहे ते तुझ्या मॅडमला सांग. आणि त्यांच्या मते तो काय आहे, तेही विचारून लिही. सहज विचारतोय.

दुखावलेला पण तुझाच,
आबा

परभणी,
३० जुलै २०२४

तीर्थरूप आबांस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी रडले आणि मग आत्यासोबत जेवले. जीवशास्त्रच ठेवते. सही नको. आजीसाठी तुम्ही जे मनात धरलंय ते मोडायचा मला हक्क नाही.

पण तुम्ही सहज विचारलंत, म्हणून सांगते. मॅडमनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आबा, तो पट्टा दगड नाही. ती जमीन आहे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडं भुईला भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला दगड वाहत आला. तो थिजला, तोच आपला काळा दगड. मग सगळं शांत झालं. किती काळ, ते मॅडमनाही नेमकं सांगता येत नाही, हजारो वर्षं असेल. त्या काळात त्या दगडावर ऊन पडलं, पाऊस पडला, तो झिजला आणि त्याची माती झाली. आपल्या शेतासारखी माती, आबा! फक्त पेरणारं कुणी नव्हतं. माणूस यायला अजून कोट्यवधी वर्षं होती. मग पुन्हा आग वाहत आली आणि त्या मातीवर पसरली. माती खाली भाजून निघाली, विटेसारखी तांबडी झाली आणि मिटून गेली.

म्हणजे आपण शेतात उभे राहतो तेव्हा आपल्या पायाखाली आणखी एक शिवार आहे. आपण विहीर खोदली म्हणून त्याला पुन्हा उजेड दिसला. हे कळल्यापासून मी रस्त्यानं चालतानासुद्धा जरा हळू पाय टाकते, आत्या हसते मला.

आणि आबा, त्या जमिनीला माणसाचा पहिला हात लागला तो आपल्या आजीचा असेल. परमेश्वर मिस्त्रीची तर पहार लागली होती.

आता अभ्यासाला बसते. पेशीचं चित्र काढायचं आहे.

माया अशीच राहू द्या.
तुमची सृष्टी

॥ श्री ॥
राणीसावरगाव,
७ ऑगस्ट २०२४

चि. सृष्टी हीस,
आबांचे अनेकानेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मी ओसरीवर वाचलं, मग लिंबाखाली वाचलं, मग विहिरीवर गेलो. पाणी अजून पट्ट्याच्या बरंच खाली आहे. व्यंकटीला म्हणालो, माझ्या कमरेला दोर बांध. तो बेजार झाला, या वयात काय करायलाव म्हणाला. पण मी ऐकतो का कुणाचं? दगडी टप्प्यांवरून बसत बसत उतरलो.

पोरी, इतकी वर्षं मी त्या विहिरीचं पाणी प्यायलो, पण तिच्यात कधी बघितलंच नव्हतं. वर काळा, खाली काळा आणि मधे ती जमीन. कुंकू कधीच धुऊन गेलं असणार. पण पट्टाच कुंकवाच्या रंगाचा, कुठलं कुठं संपलं ते कळेना. आजीनं जिथं हात लावला असेल तिथं मी हात ठेवला. गार होतं. जिथं कुणीच नव्हतं तिथं पाऊस पडत होता, हे माझ्या डोक्यात मावेना. वरून व्यंकटी हाका मारत होता आणि मी हात काढला नाही.

मी त्या जमिनीला विचारलं. आजी बोलली तसं मीही बोललो. काय ते तुलाही सांगणार नाही.

लोखंड लावलं नाही. हातानं खरवडून निघाला तेवढा तुकडा धुतलेल्या फडक्यात बांधून पार्सलनं वेगळा पाठवलाय. त्यातच अर्ज आहे, त्यावर माझी सही आहे. पार्सल मी स्वतः पोस्टात नेऊन दिलं आणि शिक्का नीट उमटल्याशिवाय हललो नाही. मुदतीच्या आत पोचेल. भूशास्त्र घे. बायनाबाईला आधी कळवलं. तिनं विहिरीत डोकावून बघितलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाली की माझा गुडघा काय एवढा जुना न्हाई, चालंल.

सृष्टी, तुझी आजी गेली त्याला लय वर्षं झाली असं मी रोज स्वतःला सांगत आलो. तिथं खाली हात टेकून उभा होतो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्या जमिनीच्या हिशेबानं ती आत्ताच माझ्याजवळून उठून गेली आहे. ती बसली होती ती जागा अजून ऊनच असेल.

तुझा,
आबा