‘पिटुकली’वरचा हक्क

४ मार्च, सकाळी ११.१०
दिवसाढवळ्या दरोडा. ‘पिटुकली’ ही माझ्या स्वेटरांची वेबसाइट उघडली, तर तिथे वेताच्या खुर्च्या विणून मिळतील म्हणे! दुकान बंद केलं म्हणून नाव काही रस्त्यावर टाकलेलं नाही. ट्रेडमार्क माझा आहे. वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण करा, असे मेल येत होते, हे खरं. पण इतक्या भिकार इंग्रजीत लिहिणारे भामटेच असणार, म्हणून मी चुका दुरुस्त करून त्यांना परत पाठवले होते.

५ मार्च
वकील म्हणाला, काकू, डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या तक्रारीत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव तुमच्यासारखंच आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलंय. म्हटलं, तिन्ही आहेत, लिहा. मालकाचं नाव लपवलेलं आहे. तक्रार केल्यावरच कळतं. लपवणाऱ्याचा हेतू काय असणार? दोन महिन्यांत नाव परत.

९ मार्च
वेबसाइटवरचे खुर्च्या विणतानाचे फोटो पुन्हा पाहिले. नुसते हात दिसतात. डावखुरे. डावखुरी माणसं जगात पुष्कळ असतात. वीण बरी आहे, कडेला सैल.

१७ मार्च
तक्रार गेली, मालकाचं नाव आलं. वकील घसा खाकरून म्हणाला, काकू, आडनाव तुमचंच आहे.
माझी लेक. चार वर्षांत एक फोन नाही, आणि नाव मात्र उचललं!
धाकटी बहीण धावत आली. ताई, तक्रार मागे घे आणि पोरीला फोन कर. गिऱ्हाइकांसमोर तिने विणलेला स्वेटर उसवलास, वर ती नाचत येणार होती का? म्हटलं, टाके चुकले होते. आणि आता हा तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणाली, मग तत्त्वालाच जेवायला वाढ रोज.
जिभेला हाड नाही तिच्या. आमच्या घरात कोणाच्याच नाही.

९ एप्रिल
लेकीचं उत्तर आलं. जेमतेम चार ओळी. ‘सातव्या महिन्यात जन्मले, आईच्या ओंजळीत मावत होते, तेव्हापासून हे माझं नाव आहे. स्वेटर नंतर आले. नाव सुटलेलं दिसलं, परक्याने उचलू नये म्हणून घेतलं. साक्षीदार: तक्रारदार स्वतः.’
वकिलाने विचारलं, काकू, यात खोटं काय आहे? म्हटलं, ओंजळीत नाही, एका तळहातावर.
त्याने पेन खाली ठेवलं. तक्रार मागे घ्यायची का, म्हणाला. मुळीच नाही. तक्रारीचा निकाल देणाऱ्या पंचांना अक्कल असेल तर निकाल माझ्याच बाजूने लागेल.

६ मे
तक्रार फेटाळली. ती याच नावाने ओळखली जाते, तिचा हक्क आहे, हेतूत खोट नाही, असं पंच लिहितात. जगात न्याय उरलेला नाही. दिवसभर पडून राहिले. पाठ दुखत होती.

८ मे, दुपार
जेवणाच्या टेबलापाशी वेताच्या दोन खुर्च्या आहेत. त्यातल्या रिकाम्या खुर्चीची बैठक मधोमध फाटली. कात्री चांगली धारदार आहे.
वेबसाइटवर ‘संपर्क’ असं लिहिलंय, तिथे मजकूर पाठवला:
महोदया, एका खुर्चीची बैठक अचानक गेली आहे. खुर्ची जड असल्याने मला आणता येणार नाही. इथे येऊनच विणावी लागेल. कडेला वीण घट्ट हवी. घाई नाही, दोन-चार दिवस लागले तरी राहण्याची सोय आहे. कधी येणार ते २० मे रोजी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. फोन आल्यास उचलला जाईल.