वसंताचं हिरवं इंजिन

२३ सप्टें. ५६, रवि., मुलुंड
वसंताच्या मेहुण्याने बोटीवरून खेळातलं इंजिन आणलं. विलायती, हिरवं, विजेवरचं. आम्ही दोघांनी वर्षभर कॅटलॉग चाळून ठरवलेलं की पुढचं इंजिन मालगाडीचं घ्यायचं, काळं, छोटं. आपल्या घाटाला तेच शोभेल. आता काळ्याचं नाव नाही. मी ‘झकास’ म्हणालो. घरी येऊन जेवण गेलं नाही.

२५ सप्टें.
जळतोय, लिहूनच टाकतो. वसंताला धड खिळा ठोकता येत नाही. त्याच्या माडीवर रूळ बसवले मी, कागदाच्या लगद्याचा घाट दोन वर्षं खपून केला मी. त्याची काय ती जागा. आणि मेहुणा.

३० सप्टें., रवि.
हिरवं घाटाच्या वळणावर तीनदा घसरलं. लांबडं आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तर वसंता म्हणतो, “वळण मोठं करू या रे. हा घाट काढू, तू दुसरा करशील.”
करशील म्हणे. दसऱ्यानंतर मोडायचं ठरलं.

१४ ऑक्टो., दसरा
वसंताच्या आईने, माईंनी, इंजिनाची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूची माळ. नारळ मी फोडला. माई त्याचं पाणी इंजिनावर शिंपडायला लागल्या, शिंपडता शिंपडता ओतलंच. वसंता डोळे मिटून, हात जोडून. मोटरमध्ये पाणी जाईल, हे मला दिसत होतं. तोंडाशी आलेलं... नाही बोललो.
बटण दाबलं. जळका वास. माई म्हणाल्या, “कुणाची तरी नजर लागली.”
सोनं देऊन निघालो.

१७ ऑक्टो.
वसंता इंजिन, ट्रान्सफॉर्मर सगळं घेऊन घरी हजर. “तूच बघ यार, तुझ्या हाताला गुण आहे. नाहीच झालं तर तुझा घाट वाचला.” हसला. त्याच्या मनात काही नाही, त्याचाच जास्त राग येतो.

२१ ऑक्टो., रवि.
उघडलं. आत सगळं चिकट. पुसलं, वाळवलं, जळकी तार बदलली. हातभर रुळावर ठेवलं. चाललं. काय चालतं!
शालू म्हणाली, “भावोजींना सांगून या ना.” संध्याकाळी जातो म्हटलं. गेलो नाही.

२६ ऑक्टो.
वसंता बाजारात भेटला. “जगलं का रे?” म्हटलं, “बघतोय.”
ऑफिसातून आलो की रोज चालवतो, पुढे-मागे, पुढे-मागे. आज शालू चहा ठेवून तिथेच उभी राहिली. म्हणाली, “अहो, हे आता आपलंच का?”