थरथर

मामंजी, नमस्कार.

हे पत्र तुम्हाला देणार नाही, सासऱ्यांचं कौतुक करायला लाज वाटते.

तुम्ही चालवत असलेल्या बसखाली येऊन ती मुलगी गेली. चूक तुमची नव्हती, पण तेव्हापासून तुमचे हात थरथरायचे आणि डोळ्यांतून टिपूसही येईना. डॉक्टरांनी नृत्यवर्गाला पाठवलं, तेव्हा घरातले सगळे हसले. मी सोबत आले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “हात थांबवू नका, त्यांनाच नाचू द्या.” तुम्ही डोळे मिटलेत. थरथर खांद्यांपर्यंत चढली, पाय हलले आणि नाचता नाचता तुम्ही चारचौघांत हंबरडा फोडलात.

आज चपला घालताना म्हणालात, “सूनबाई, त्या मुलीच्या आईला भेटून येतो. आता मला रडता येतं.”

मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणालात, “नको. एकट्यानंच जायला हवं.”

तुमच्या धाडसाला हात जोडणारी,
सूनबाई