गोदाचे दोन वाटे

भाट्ये, १२ फेब्रुवारी २०२३

चि. विनीत यास आप्पाकाकाचे अ. आ. वि. वि.

तू लिहून पाठवलंस तसंच केलं. कॉम्प्युटरची पेटी उघडून दोन्ही नव्या हार्ड डिस्क शेजारी शेजारी बसवल्या आणि पडद्यावर दोघींची जोडणी करून एकच डिस्क केली. बाहत्तराव्या वर्षी हा उद्योग म्हणून शेजारची श्रद्धा हसत होती. हसो बापडी!

आता पडद्यावर तुझी काकू न अडखळता चालते. पूर्वी सुरमई कापताना कोयता उचलायची आणि तिथेच थिजायची. तिच्या चित्रणाच्या कॅसेटींना दमटपणाने बुरशी आली होती, सगळं या डिस्कवर उतरवून झाल्यावर त्या फेकून दिल्या. आता गोदा आहे ती याच पेटीत.

कान गेल्यापासून मला फोन निरुपयोगी, आणि मोबाइलची मुंगीएवढी अक्षरं दिसत नाहीत. तेव्हा कंटाळा न करता कागदावरच लिहीत जा.

तुझा आप्पा

पुणे, २० फेब्रुवारी

ती.स्व. आप्पांस सा. न. वि. वि.

तुम्हाला शाबास म्हणायला मी लहान आहे, तरी म्हणतो. पण कॅसेटी का टाकल्यात? या जोडणीत वेग मिळतो, भरवसा नाही. निम्मं या डिस्कवर, निम्मं त्या डिस्कवर, असा कारभार असतो. एक बिघडली तर दोन्ही गेल्या. तेव्हा तिसरी डिस्क घेऊन सगळ्याची नक्कल करून ठेवा. हट्ट समजा, पण एवढं कराच.

आशीर्वाद असावा.

आपला विनीत

भाट्ये, १८ जुलै

चि. विनीत यास अ. आ. वि. वि.

गोदाचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. ठाण्याहून दर्शन आला, डोंबिवलीहून ऋतिका. तिसरी डिस्क राहूनच गेली. आंब्याच्या दिवसांत इथे कुणाला सवड?

दोन्ही मुलांना आई हवी होती. आपली रीत तुला ठाऊक आहे, वडिलांनी वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. तू निम्मं-निम्मं लिहिलंच होतंस. मी पेटी उघडली, दोन डिस्क पाटावर मांडल्या. ऋतिकाने एक उचलली, उरलेली दर्शनने घेतली. बघून झालं की अदलाबदल करा, म्हटलं. खरं सांगतो, माडांची वाटणी केली तेव्हाही इतकं समाधान वाटलं नव्हतं.

श्राद्धाला आला नाहीस, त्याबद्दल भेटीत कान उपटीन.

तुझा आप्पा

पुणे, २६ जुलै

ती.स्व. आप्पांस सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. चूक माझ्या लिहिण्याची आहे. एका डिस्कवर निम्म्या चित्रफिती आणि दुसरीवर निम्म्या, असं नसतं. प्रत्येक चित्रफितीचे बारीक तुकडे होतात, एक इकडे, पुढचा तिकडे. दोन्ही एका पेटीत असल्या तरच काकू दिसणार. एकटीत काही नाही.

पत्र मिळताच मी दोघांना फोन लावला. ऋतिकाची डिस्क जशीच्या तशी आहे, पण उघडत नाही. दर्शनच्या कॉम्प्युटरने त्याची डिस्क कोरी समजून पुसू का विचारलं. तो हो म्हणाला आणि त्याने ती ऑफिसच्या कामाने भरून टाकली. पुण्यात जाणकारांना विचारलं. आता काही परत येणार नाही.

दर्शन म्हणतो, आप्पांनी आई बहिणीला दिली, माझ्या हातावर रिकामं डबडं ठेवलं. ऋतिकाला वाटतं, दादाने मागाहून डिस्क बदलली. दोघांचं बोलणं बंद आहे. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. सांगू का?

विनीत

भाट्ये, ४ ऑगस्ट

चि. विनीत यास अ. आ. वि. वि.

सांगू नकोस. दर्शन वरून दगड दिसतो, पण आईच्या आजारपणात तिची वेणी तोच घालायचा. आपल्याच बोटाने आई पुसली हे त्याला सोसणार नाही.

मी दोघांना लिहिलं आहे की वाटणीच्या आधीच माझ्या हातून सगळं पुसलं गेलं, आणि लाजेपायी मी कोऱ्या डिस्क पुढे केल्या. तुला विचारलं तर तूही तेच सांग. रागवायचं तर दोघांनी मिळून माझ्यावर रागवावं.

संध्याकाळी सवयीने कॉम्प्युटर लावायला जातो. पेटीत दोन रिकाम्या जागा आहेत. फार वाईट वाटतं रे.

तुझा आप्पा

भाट्ये, २० नोव्हेंबर

चि. विनीत यास अ. आ. वि. वि.

तू धाडलेला फराळ पोचला. चकल्या चांगल्या होत्या, पण माझ्या दातांचा विचार करून करायच्या होत्या. मुलं दिवाळीला आली नाहीत. ऋतिकाचं चार ओळींचं पत्र आलं, की आई एकदा गेली होती, तुम्ही दुसऱ्यांदा घालवलीत आणि वर आम्हाला फसवलंत. दर्शनचं तेवढंही नाही. तू पुन्हा विचारतोस, आता तरी खरं सांगू का. नको.

काल श्रद्धाने तिच्या मोबाइलवर एक फोटो मोठा करून दाखवला. दर्शन भाऊबीजेला डोंबिवलीला गेला होता. पाटावर बसलाय, ऋतिका ओवाळतेय, दोघं हसताहेत. मी तो कागदावर काढून मागितला. श्रद्धा मान हलवून नाही म्हणाली. आप्पांना दाखवूसुद्धा नका, असं ऋतिकाने तिला बजावलं आहे.

तुझा तरी लोभ राहू दे.

आप्पा