गार फोडणीच्या नूडल्स

आई, आज दुपारी मी तुझ्या पद्धतीने गार नूडल्स केल्या. तू जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या चार-पाचदाच केल्या असतील, पण गेल्या महिन्यापासून जवळजवळ रोज करते आहे. तुझ्या जावयाची केमो चालू आहे. गरम भाताचं झाकण उघडलं तरी त्याला मळमळतं. मऊ भात, सूप, मुगाची खिचडी, सगळं करून पाहिलं. वास आला की तो मान वळवतो आणि वर मलाच सॉरी म्हणतो. गार नूडल्सचे तेवढे चार घास जातात. तोंड आलेलं नसेल तर तिखट चालेल, असं डॉक्टर म्हणाले. "बाकी कशाची चव लागत नाही, पण तुझ्या आईचं तिखट कळतं," असं तो मला म्हणायचा. त्या एका वाक्यावर मी महिना काढला.

इथे सिंगापूरला, क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तू तीन महिने राहिली होतीस, तेव्हा समोरच्या चिनी आंटीने नूडल्सचा वाडगा आणून दिला होता. "अंडं नाही ना यात?" हे आधी विचारून घेतलंस. मग बोट लावून म्हणालीस, "अगं, गार शेवया आणि वर मिरची! श्राद्धालासुद्धा असलं कुणी वाढत नाही." आणि वाडगा मात्र तूच संपवलास. दुसऱ्या दिवशी तू ओट्याशी उभी आहेस, पदर खोचलेला. उकडलेल्या नूडल्स नळाखाली धुऊन बर्फाच्या पाण्यात टाकतेस. लसूण, तीळ आणि लाल तिखटाची फोडणी करून वाटी खिडकीत ठेवतेस. मी ती तशीच ओतायला जाते, तर माझ्या मनगटावर चमचा बसतो. "लोणच्यावर कधी गरम फोडणी घालतात का? निवू दे. तुला कायम घाई." मग दाण्याचा कूट, लिंबू, सोया सॉस, आणि मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. तू आंटीला वाटीभर नेऊन दिलंस. तिने उभ्या उभ्या एक घास खाल्ला आणि हसत "शिओक!" म्हणाली. "काय म्हणाली ती? शिवी नाही ना दिली?" तू मला मराठीत विचारलंस. झकास म्हणाली, असं सांगितल्यावर दिवसभर खुशीत होतीस.

आज मी फोडणी निवत ठेवली आणि हॉस्पिटलचा फोन आला. सोमवारची केमो पुढे ढकलली होती. का, ते नीट कळलं नाही. डॉक्टर भेटल्यावर सांगतील म्हणाले. मी फोन ठेवला आणि नूडल्स कालवून वाढल्या. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला. "आज जमलंय," तो म्हणाला. "अगदी आईंसारखं." मग लेकीने खाल्लं. ती पंधरा वर्षांची आहे, मनात काही ठेवत नाही, जेवणाला तर रोज नावं ठेवते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प खात राहिली. तेव्हा मी घास घेतला. मीठ नव्हतं. सोया सॉसही नव्हता. दोन्ही राहून गेलं होतं.

भांडी ठेवायला ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. "ममा, नो सॉल्ट."

"माहितेय."

"ही कान्ट टेस्ट एनिथिंग, इज इट? चिली ऑल्सो?"

"हळू बोल."

तिने नळ मोठा सोडला आणि भांडी घासायला लागली. न सांगता.

त्याला तिखट कधीपासून कळत नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही. तो माझ्यासाठी खातो आहे हे आता मला कळलंय, आणि मला ते कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाहीये. उद्या काय करू, आई? यापुढे माझ्याकडे काहीच नाही.

हे तुला पोचणार नाही. त्याच्या हाती लागू नये म्हणून मी फाडूनच टाकेन. फक्त एक सांगायचं होतं. तो "अगदी आईंसारखं" म्हणाला ना, तेव्हा मी अजून घास घेतला नव्हता. मला इतका आनंद झाला होता.