चार मिनिटांचे बाबा

तीर्थरूप सुगंधाआते,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (ते फारसं चालत नाही, तेव्हा तिथेच बरं.) तुझा गुडघा कसा आहे? कुणकेश्वराच्या पायऱ्या अजून चढवत नाहीत ना? तू बाबांच्या वर्षश्राद्धाला आली नाहीस त्याचा आम्हाला मुळीच राग नाही. उलट आता वाटतं, त्या दिवशी माझाही गुडघा दुखायला हवा होता. फोन केला असता, पण तू 'हां हां' म्हणता म्हणता लाल बटण दाबतेस आणि मी एकटाच बोलत राहतो.

मी मालवणात लग्नांचे व्हिडिओ कापतो हे तुला माहीत आहेच. (आई माझ्याबद्दल सगळ्यांना 'झील कापाकापी करता' असं सांगते, आणि लोक मला पापलेटचा भाव विचारतात.) धंद्याचा नियम असा की बघणाऱ्याचा अंगठा कायम शिवशिवत असतो. तीन सेकंदांत काही घडलं नाही की माणूस पुढे सरकलाच. म्हणून मंगलाष्टकं मी वीस सेकंदांत उरकतो. फोंडाघाटच्या एका लग्नात नवरीची आई बराच वेळ रडली; मी चार सेकंद ठेवले आणि लगेच जिलेबी दाखवली. गिऱ्हाईक एकदम खूश.

बाबा जायच्या चार महिने आधी मी पडवीत कॅमेरा लावून त्यांना रापणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरून सगळे मिळून दोराने ओढतात त्या मोठ्या जाळ्याबद्दल, विचारत बसलो होतो. तुझा भाऊ कसा बोलायचा ते तुला काय सांगायचं? प्रश्न विचारला की हातातल्या जाळ्याला दोन गाठी मारायच्या, समुद्राकडे बघायचं, एकदा खोकायचं आणि मग उत्तर. असे दोन तास. वर्षश्राद्धाला दाखवायचं म्हणून ते मी चार मिनिटांवर आणलं. एकूण एक थांबणं काढलं, खोकला काढला, आणि फारच रेंगाळले तिथे लाटा टाकून मागे ढोल लावला.

जेवणं उरकल्यावर पडवीच्या भिंतीवर चादर ताणून तो व्हिडिओ दाखवला. बाबा बातम्या दिल्यासारखे धडाधड बोलत होते. सगळ्यांना फार आवडलं. गुरुदासकाका (पन्नास वर्षं बाबांबरोबर, त्यांच्या 'दाजी'बरोबर, एकच दोर ओढला या माणसाने) म्हणाले, "दाजी इतको भरभर बोलायचो, माका म्हायतच नाय!" पुढे मी तो इंटरनेटवर टाकला. चाळीस हजार लोकांनी पाहिला, आणि बहुतेकांनी शेवटपर्यंत. आजवर माझ्या कुठल्याच कामाला इतकं यश आलं नव्हतं.

आई पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, रडतेय. सगळे गेल्यावर तिने विचारलं, "ह्यो कोण रे?"

मी म्हटलं, बाबा.

"ह्यां बोलणां माका नको. ते गप बसलेले दाखय."

आते, ते माझ्याकडे नाहीत. कॅमेऱ्याचं कार्ड मी एका साखरपुड्यासाठी पुसलं. कापलेले तुकडे कॉम्प्युटरमध्ये उगाच जागा खात होते, म्हणून तेही उडवले. आई आता टीव्ही लावत नाही. संध्याकाळी पडवीत बसून राहते. काल म्हणाली की उत्तर द्यायला ते किती वेळ लावायचे, ते ती विसरत चालली आहे. मला फार लाज वाटते, आणि तिच्यासमोर जेवायला बसवत नाही.

असो. गुडघ्याला तेल लाव. घरच्या थोरांना नमस्कार, आणि तुझ्या मांजराची आठवण काढली म्हणून सांग.

तुझा,
कापाकापी करणारा यतीन

ता. क. – बाबांच्या शेवटच्या गणपतीत तू त्यांचा फोटो काढायला गेलीस आणि चुकून व्हिडिओ चालू केलास, आठवतं? फोटो निघतोय म्हणून बाबा अकरा मिनिटं जागचे हलले नाहीत. मध्ये तू एकदा विचारलंस, "दाजीदादा, फोटो इलो काय रे?" आणि कितीतरी वेळाने ते म्हणाले, "तुका म्हायत." तुला आम्ही किती हसलो होतो! तो व्हिडिओ मला हवा आहे, अख्खा. रविवारी मी स्वतः येतो. तोवर मोबाईलचं एकही बटण दाबू नकोस.

ता. ता. क. – 'तो व्हिडिओ जागा खातो, काढून टाक,' असं तेव्हा मीच तुला दोनदा बजावलं होतं. तू जन्मात माझं काही ऐकलेलं नाहीस. हेही ऐकलं नसशील ना, आते?